निर्व्याज

'व्याज' हा शब्द मराठीत दोन घरी नांदतो. सावकाराच्या खातेवहीत तो मुद्दलावर चढणारी रक्कम असतो. अलंकारशास्त्राच्या पोथीत शिरला म्हणजे तोच निमित्त, ढोंग किंवा कपट होतो. संस्कृतात मुख्य अर्थ हा दुसराच होय. पैशावरील वाढीस तेथे वृद्धी, कुसीद असे निराळे शब्द आहेत. व्याजाला सावकारीत आणले ते देशी भाषांनी, आणि तसे करताना लोकांच्या मनात काय असेल याचा तर्क करण्यास फारशी विद्वत्ता लागत नाही. यामुळे 'निर्व्याज' हा आपला शब्द मोठा विलक्षण होऊन बसला आहे. लहान मुलाचे हसू निर्व्याज, जुन्या मैत्रिणीचा स्नेह निर्व्याज. आणि अक्षरार्थ घेतला तर बिनव्याजी पैसाही निर्व्याजच.

हा शब्द मला अलीकडे वारंवार आठवतो, तो एका परक्या देशातील बाजाराच्या संबंधात. इंडोनेशियात, आणि थोड्या वेगळ्या रीतीने मलेशियात, विशी-पंचविशीतील मुलेमुली असे शेअर शोधीत असतात की जे इस्लामच्या धर्मनियमांत बसतील आणि ज्यांच्या पायी नदी, रान व हवा यांचा नाश होणार नाही. जावा बेटातील जोगजाकार्ता शहरी काही महिने राहण्याचा योग मला आला, तेव्हा ही धडपड जवळून पाहावयास मिळाली. या तरुणांस तिकडे नेमके काय ओढून नेते? धर्म, निसर्ग, नफा, की मित्रमंडळींची चाल? या प्रश्नाचे उत्तर वाटते तितके सोपे नाही, आणि ते शोधू लागले म्हणजे आपल्याही घरातील काही गोष्टी उजेडात येतात, म्हणून हा प्रपंच.

प्रथम धर्मनियमांविषयी. इस्लामी व्यवहारशास्त्रात तीन गोष्टी मुख्यतः वर्ज्य मानल्या आहेत: रिबा म्हणजे व्याज, घरार म्हणजे फसवी अनिश्चितता, आणि मैसिर म्हणजे जुगार. शेअरबाजार म्हटला की आपल्याकडील जुन्या माणसांस सट्टाच आठवतो. तेव्हा असा धर्म मानणाऱ्याने त्या बाजाराच्या वाऱ्यासही उभे राहू नये, असे कोणासही वाटेल. परंतु तेथील विचार थोडा खोल आहे. कर्ज देणारा मनुष्य धंदा बुडाला तरी आपले व्याज मागतो. भाग घेणारा मात्र धंद्याबरोबर तरतो आणि धंद्याबरोबरच बुडतो. ही भागीदारी होय, आणि व्यापारातील भागीदारी इस्लामला मुळीच परकी नाही. म्हणून व्याज निषिद्ध, पण शेअर ग्राह्य, असा निर्णय देता येतो. अट एवढीच की, धंदा मद्याचा, जुगाराचा, डुकराच्या मांसाचा अथवा व्याजाच्या पेढीचा नसावा. आणि उसन्या पैशावर खरेदी किंवा हाती नसलेल्या मालाची विक्री होऊ नये.

या विचारास बाजारात रूप मिळावयास फार काळ लागला नाही. जकार्ता येथे निवडक ३० शेअरांचा 'जकार्ता इस्लामिक इंडेक्स' जुलै २००० मध्ये सुरू झाला. २००७ पासून धर्मसंमत रोख्यांची अधिकृत यादी वर्षातून दोनदा निघू लागली. २०११ मध्ये उलेमा परिषदेच्या राष्ट्रीय शरिया मंडळाने शेअरबाजारातील व्यवहारांविषयी फतवा दिला, आणि त्याच वर्षी दलालांनी अशी यंत्रणा उभी केली की ज्या खात्यातून यादीबाहेरचा शेअर विकत घेताच येत नाही. भाविकाची अर्धी चिंता यंत्रानेच वाहावी, अशी ही सोय! आता या यादीची चाळणी किती बारीक असते, तेही पाहण्याजोगे आहे. २०१७ च्या नियमांप्रमाणे कंपनीचे व्याजी कर्ज तिच्या एकूण मालमत्तेच्या ४५ टक्क्यांपर्यंत आणि अधर्म्य उत्पन्न एकूण उत्पन्नाच्या १० टक्क्यांपर्यंत चालत असे. आजच्या जगात व्याजाचा स्पर्शही नाही अशी मोठी कंपनी शोधू गेल्यास हाती काहीच लागावयाचे नाही. म्हणून चाळणीची भोके मोठी ठेवावी लागली. यात शास्त्रकारांना हसण्याचे कारण नाही. संसारात राहून सोवळे पाळणाऱ्या प्रत्येकाला अशी भोके ठेवावीच लागतात.

आता दुसरी बाजू. निसर्गाची चिंता ही सुखवस्तू लोकांची हौस आहे, असे आपल्याकडे कित्येकदा म्हटले जाते. इंडोनेशियातील तरुणासमोर तसे म्हणण्याचे धाडस कोणी करू नये. २०१५ साली सुमात्रा आणि कालिमांतान येथील राने व दलदलीची जमीन महिनोन् महिने जळत होती. सुमारे २६ लाख हेक्टर भूमी त्या वर्षी होरपळली, आणि धुराने शाळा बंद पडल्या. १ जानेवारी २०२० रोजी राजधानी जकार्ता महापुरात सापडली. २०२१ मध्ये तेथील न्यायालयाने हवा स्वच्छ राखण्यात कसूर केल्याचा ठपका खुद्द राष्ट्राध्यक्षांसह सरकारी अधिकाऱ्यांवर ठेवला. जी मुले आज आपला पहिला पगार हाती घेत आहेत, त्यांच्या शाळेच्या आठवणीत हा धूर आणि हे पाणी आहे.

धर्माच्या भाषेतही या चिंतेला जागा होतीच. मनुष्य हा पृथ्वीचा मालक नसून विश्वस्त आहे, सृष्टीत एक समतोल राखलेला आहे आणि उधळपट्टी हे पाप आहे, या कल्पना कुराणातल्याच होत. उलेमा परिषदेने २०१४ मध्ये दुर्मिळ प्राण्यांच्या रक्षणासंबंधी, २०१६ मध्ये राने जाळण्याविरुद्ध आणि २०२३ मध्ये हवामानबदलासंबंधी फतवे काढले. सरकारने मार्च २०१८ मध्ये सव्वा अब्ज डॉलरांचा हरित सुकूक, म्हणजे व्याजाऐवजी मालमत्तेतील हिश्शावर आधारलेला रोखा, जगाच्या बाजारात विकला. आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये तसाच रोखा सामान्य नागरिकांसाठी १० लाख रुपियांपासून, म्हणजे सत्तर-एक डॉलरांपासून, खुला केला. मलेशियात जुलै २०१७ मध्येच साबा प्रांतातील सौर वीजकेंद्रासाठी २५ कोटी रिंगिटचा पहिला हरित सुकूक निघाला होता. तेथील बाजाराने तर जुलै २०२१ मध्ये दोन्ही चाळण्या एकत्र करून स्वतंत्र निर्देशांकच काढला.

या खटाटोपात तरुण किती आहेत? इंडोनेशियाच्या भांडवलबाजारात, म्युच्युअल फंड धरून, २०२० च्या अखेरीस सुमारे ३९ लाख गुंतवणूकदार होते. २०२४ च्या अखेरीस ते १ कोटी ४८ लाखांवर गेले, आणि त्यांपैकी निम्म्याहून अधिक तिशीच्या आतले आहेत. २०१४ पासून शेअरांचा किमान गट ५०० वरून १०० वर आणल्याने थोडक्या पैशात दार उघडले. विद्यापीठांच्या आवारातच बाजाराच्या लहान शाखा आहेत. विद्यार्थी वर्गातून निघून तेथे खाते उघडतो आणि पुढचा सारा व्यवहार मोबाईलवर करतो. नफ्याला ही मुले 'चुआन' म्हणतात. शब्द मूळचा चिनी व्यापाऱ्यांचा. पण धर्मसंमत हरित शेअराची गोष्ट काढतानाही तो त्यांच्या ओठांवर सहज येतो.

तिकडील विद्यापीठांतून या विषयावर प्रबंधही पुष्कळ लिहिले जातात. त्यांतील बहुतेकांचा साचा १९९१ साली मानसशास्त्रज्ञ आयझेन यांनी मांडलेल्या सिद्धान्ताचा असतो. मनुष्याचा हेतू तीन गोष्टींनी ठरतो: त्या कृतीविषयी त्याचे स्वतःचे मत, जवळच्या माणसांचे मत, आणि हे आपल्याला जमेल असा विश्वास. साचा उपयोगी आहे, यात शंका नाही. मी पाहिलेल्या मुलांत तिन्ही गोष्टी होत्या. धार्मिक वळण घेतलेल्या मित्रमंडळींत कोणी बँकेची नोकरी सोडलेली असते, कोणी व्याजाचे कर्ज फेडून टाकलेले असते. अशा मंडळीत यादीबाहेरचा शेअर घेणे अवघडच. तथापि प्रश्नपत्रिकेवर खूण करणारा हात आणि पैसे मोजणारा हात यांत अंतर असते. त्या अंतरात काय घडते, हे मला एका मुलीमुळे कळले.

मी जेथे राहत होते त्या घरची ती धाकटी लेक. अर्थशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होती आणि शिकवण्या करून मिळणाऱ्या पैशातून दरमहा थोडे बाजूला टाकी. तिचे आजोळ जावाच्या उत्तर किनाऱ्यावर, देमाक जिल्ह्यात. तेथील कित्येक गावांत भरतीचे पाणी घरात येते. त्याला ते लोक 'रोब' म्हणतात. तिच्या आजीने जमीन तीनदा भर घालून उंच केली. जमीन वर आली, छप्पर मात्र होते तेथेच राहिले. आता दारातून जाताना वाकावे लागते. "बू, आमच्या आजीला उतारवयात सगळ्या जगापुढे मान लववून चालावे लागते," असे ती मला हसत म्हणाली. 'बू' म्हणजे आई. वडीलधाऱ्या बाईला तिकडे अशीच हाक मारतात.

एके दिवशी तिने मोबाईलवरील दोन याद्या माझ्यापुढे धरल्या. एक धर्माची, दुसरी निसर्गाची. दुसरी यादी 'केहाती' या जैवविविधतेसाठी झटणाऱ्या संस्थेच्या नावाने २००९ पासून निघते. तीत २५ शेअर असतात. "यांतून मी काय घ्यावे, ते तुम्हीच सांगा," ती म्हणाली. मी पाहू लागले, आणि प्रथमच माझ्या ध्यानात आले की, या दोन चाळण्या एकमेकींना ओळखतच नाहीत. धर्माच्या यादीत कोळशाच्या मोठमोठ्या खाणी वर्षानुवर्षे बसल्या आहेत. कारण कोळसा मद्य नव्हे, जुगार नव्हे, आणि खाणीचे कर्ज मर्यादेत असले म्हणजे झाले. निसर्गाच्या यादीने कोळसा खाणी बाहेर ठेवल्या. परंतु तीत देशातील बड्या बँका मानाने विराजमान आहेत, कारण व्याजाने हवा काळी होत नाही. एकीने ज्याला सोवळे म्हटले तो दुसरीला विटाळ! दोहोंतून गळून जे उरते, ते मूठभर.

"मग कोळशाचा शेअर धर्मात बसतो म्हणून घेशील?" मी विचारले. ती म्हणाली, "बाबा म्हणतात, यादी विद्वानांनी केली आहे, आपण कोण? पण बू, रान जाळणे हराम असेल, तर रान तोडून खणणे कोणत्या यादीत घालायचे?"

हा प्रश्न त्या घरात निव्वळ तात्त्विक राहिला नव्हता. मे २०२४ मध्ये सरकारने धार्मिक संघटनांना खाणी देण्याची वाट नियमाने मोकळी केली. १९२६ साली स्थापन झालेल्या नहदतुल उलेमाने ती संधी घेतली. १९१२ साली याच जोगजाकार्तात जन्मलेल्या मुहम्मदियानेही जुलै २०२४ मध्ये होकार दिला. या संघटना शाळा चालवितात, अनाथांस सांभाळतात, मुहम्मदियाची तर देशभर रुग्णालये आहेत. या कामांना पैसा लागतो, हे कोणी नाकारू शकत नाही. वडील तेच म्हणत. खाणीच्या पैशातून दवाखाना निघाला तर काय वाईट? मुलगी उत्तर देत नसे. जेवणाचे ताट उचलून आत जाई. ज्या वडिलांनी तिला हलाल आणि हराम यांचा भेद शिकविला, त्यांच्याच शिकवणीने ती त्यांच्यापासून एक पाऊल दूर उभी राहिली होती. या तरुणांच्या ओढीत जे खरोखर पणाला लागलेले असते, ते हे. शंभर शेअरांची किंमत त्यामानाने क्षुल्लक होय.

यावर व्यवहारी मनुष्य दोन आक्षेप घेईल, आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला असा की, ही सारी नफ्याचीच ओढ आहे, वर धर्माचा आणि हिरवाईचा मुलामा. भूगर्भातील उष्णतेपासून वीज करणाऱ्या एका कंपनीचा शेअर ऑक्टोबर २०२३ मध्ये ७८० रुपियांस बाजारात आला आणि मे २०२४ पर्यंत दहा हजारांच्या पलीकडे गेला. पुढे बाजाराने निर्बंध घालताच तो कोसळला. त्या चढत्या काळात त्यामागे धावणाऱ्या किती जणांना पृथ्वीची कणव होती? फार थोड्यांना, हे मान्य केले पाहिजे. अशा वेळी जुगार यादीतून हाकलला तरी मनातून जात नाही, हेच दिसते.

दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे. बाजारात शेअर घेताना आपला पैसा कंपनीकडे जातच नाही. तो आधीच्या भागधारकाकडे जातो. मुलीने कोळशाचा शेअर घेतला नाही म्हणून खाणीतील एक टोपली कमी होत नाही. तो शेअर दुसरा कोणी घेतो. हरित सुकूकाची गोष्ट निराळी. त्यातील पैसा रेल्वे, पूरनिवारण, अपारंपरिक वीज अशा कामांकडे वळविलेला असतो. मी हे तिला सांगितले. तिला ते ठाऊक होते. ती म्हणाली, "खाण बंद पडावी म्हणून मी थांबलेले नाही. खाणीला नफा झाला की मला आनंद होईल, तो होऊ नये म्हणून थांबले आहे."

मला हे उत्तर कोणत्याही प्रबंधापेक्षा मोठे वाटले. शेअर विकत घेणे म्हणजे आपला आनंद आणि दुःख कोणाच्या तरी धंद्याशी बांधून घेणे होय. भागीदारी ग्राह्य ठरविणाऱ्या जुन्या शास्त्रकारांच्या मनात हीच गोष्ट असली पाहिजे: नफ्यात आणि तोट्यात सोबत. मग ज्याच्या भरभराटीची मनात इच्छा धरावयाची, तो धंदा आपल्या आजीच्या अंगणात पाणी आणणारा नसावा, एवढीच त्या मुलीची मागणी. येथेही गुंता आहेच. देमाकची जमीन खचते ती एका कोळशाने नव्हे. किनाऱ्यावरील खारफुटी कोळंबीच्या तळ्यांसाठी तोडली गेली, आणि कारखान्यांनी व शहरांनी भूमीखालचे पाणी उपसले, ही मोठी कारणे आहेत. कोणत्या कारखान्याने किती पाणी उपसले, हे नुसत्या यादीवरून तिला कळावयाचे नाही. यादी नाव देते. शोध ज्याचा त्यानेच घ्यावा लागतो.

परतल्यावर मी आपल्याकडे पाहू लागले. मुंबईच्या दलाल रस्त्यावरही डिसेंबर २०१० मध्ये शरियासंमत ५० शेअरांचा निर्देशांक निघाला, आणि फेब्रुवारी २०१२ मध्ये 'ग्रीनेक्स' नावाचा हरित निर्देशांक निघाला. दोन्ही एकाच छपराखाली, परंतु दोन निरनिराळ्या टोपल्यांत. आमच्या मध्यमवर्गीय मराठी घरांतून बचतीविषयी दोनच प्रश्न विचारले जात: पैसा सुरक्षित आहे ना, आणि किती टक्के मिळणार? टपालखात्यातील ठेव, विम्याचा हप्ता, लेकीच्या लग्नासाठी सोने. या पलीकडे पाऊल टाकणारा मनुष्य सट्टेबाज ठरे. त्या पैशावर कोणता धंदा पोसला जातो, हा तिसरा प्रश्न त्या घरांत शिरलाच नाही. आणि तरीही त्याच घरांतील आजी 'हरामाचा पैसा पचत नाही' असे ठणकावून सांगत असे. शब्द अरबस्थानातून आला होता, पण त्यातील भीती अस्सल घरची होती. फरक एवढाच की, ती भीती मिळकतीच्या उंबरठ्यावर थांबे; लाच घेऊ नये, कोणास लुबाडू नये. पैसा घामाने मिळाला, की पुढे तो कोठे जाऊन काय करतो याची चौकशी संपे. जावातील ती मुलगी याच भीतीला उंबरठ्याबाहेर घेऊन गेली आहे. तिचा धर्म आमच्याहून निराळा, पण तिचा प्रश्न आमच्या आजीच्या वाक्याचाच पुढचा अर्धा भाग आहे.

म्हणून या तरुणांस काय ओढून नेते, याचे माझे उत्तर असे. नफा ओढतो, मित्र ओढतात, हातातील यंत्राची सुलभताही ओढते; परंतु या सर्वांच्या तळाशी निर्व्याज होण्याची इच्छा आहे, आणि ती शब्दाच्या दोन्ही अर्थांनी आहे. पहिल्या अर्थाची पूर्तता बाजार करू शकतो. टक्के मोजता येतात, यादी छापता येते. दुसरा अर्थ मात्र बाजाराच्या तराजूत चढत नाही. कपट नसलेला पैसा कोणता, हे कोणतीही परिषद वर्षातून दोनदा जाहीर करू शकत नाही. धोका आहे तो यादीत नाव सापडताच सुटकेचा निःश्वास टाकून झोपी जाण्याचा. तेवढ्यासाठीच पुष्कळ लोक यादी मागतात, आणि विकणाऱ्यांनाही ते पक्के माहीत असते.

ती मुलगी अद्याप झोपी गेलेली नाही. परवा तिचे पत्र आले. थोडे पैसे तिने सुकूकात घातले आहेत; दोन कंपन्यांचे शंभर-शंभर शेअर घेतले आहेत, त्या काय करतात आणि कोठून पाणी घेतात हे वार्षिक अहवालांतून वाचून वहीत टिपून ठेवते. एकीविषयी तिला संशय आहे, आणि तो फिटला नाही तर ती शेअर विकणार आहे. वडिलांशी त्या विषयावर बोलणे सुरू झाले आहे, असेही तिने लिहिले आहे. ते वही मागून घेतात, चष्मा लावून वाचतात, आणि काही न बोलता परत देतात.